पंचावन्नच्या स्पीडला

टेप तुमकूरला गेला.
गेला म्हणजे कॅसेटची फीत दातांत धरून बसला.
तायाप्पानं आधी पेन्सिल घातली, मग पाना,
मग खिडकीतून हात बाहेर काढून
सगळी गाणी दिली सोडून.
तपकिरी फीत बराच वेळ
आरशात मागं मागं लहरत होती.
तेव्हापासून आमच्या केबिनीत गाणं म्हणजे
सैल झालेला पत्रा,
आणि तायाप्पा,
ज्याला एकच ओळ येते, तीही अर्धी.

अकरा वर्षं सांगलीची हळद वाहिली.
घाम पुसला की रुमाल पिवळा,
पोरगी झोपेतच असायची, तिच्या गालाला बोट लावलं
की सकाळी तिच्या आईला कळायचं, मी येऊन गेलो.
तासगावचा बेदाणा वाहिला, साखर वाहिली.
माल काय, ते मला पाटे सांगतात,
चढाला किती कण्हतात त्यावरनं.

मग मिरजेचे मौलासाहेब म्हणाले,
"निवास, भीमेकाठनं भोपळे आणायचेत.
भाजीचे न्हाईत. सतारीचे."

भरायला अख्खा दिवस गेला.
तायाप्पा एकेकाला पाचटात बसवत होता,
कोंबडी अंड्यावर बसते तेवढ्या काळजीनं.
काट्यावर गाडी चढवली
तर काटेवाला बाहेर येऊन टायर बघायला लागला.
"रिकामीच हाय की!"
भरलीय, म्हटलं. पार वरपर्यंत.

सांगोला मागं पडलं. जुनोनीच्या पुढं
रस्ता उखडलेला, गाडी शेरडासारखी उड्या मारत होती,
आणि मागनं आवाज यायला लागला.
गाणं नव्हे.
बैठक सुरू व्हायच्या आधी
माणसं दबक्या आवाजात बोलतात, तसं काहीतरी.
तायाप्पा त्याची अर्धी ओळ म्हणायचा थांबला.
मी इंजिन बंद करून उताराला गाडी सोडली,
जे कधी करू नये, ते केलं,
नीट ऐकू यावं म्हणून.

नागज फाट्यावर शिट्टी.
"काय हाय आत?"
काही न्हाई साहेब. भोपळे.
"भोपळ्यात काय हाय?"
त्यातबी काही न्हाई.
बॅटरी मारली, ताडपत्री उचलली,
काठीचं टोक एका भोपळ्यावर टेकवलं, जरा आपटलं.
बाकीच्या सहाशे नव्व्याण्णवांनी हूं म्हटलं.
साहेबांनी पन्नास घेतलेच.
पण नोट खिशात घालून
परत एकदा वाजवून बघितलं.

मिरजेत दिवस उगवता उगवता गाडी खाली केली.
मौलासाहेब प्रत्येकाला बोटाच्या पेरानं टिचकी मारत,
कान लावत, डावीकडं ठेवत.
सात उजवीकडं गेले.
"ह्यांना काय झालं?" तायाप्पानं विचारलं.
"काही न्हाई. बोलतात, पण खरं बोलत न्हाईत."
त्याला ते पटलं नाही.
सातातला एक, देठाला चीर असलेला,
मागून घेतला, सुतळीनं बांधून
माझ्या सीटमागं टांगला.

आता परत हळद आहे. सोळा टन. बंगळूर.
पाटे पोटाला टेकलेत, चढाला दुसरा गिअर,
आणि सीटमागं तो नापास भोपळा.
चाळीसला मुका. साठला नुसता खडखडतो.
पंचावन्नला मात्र,
खिडकी चार बोटं उघडी असली तर,
त्या चिरेतनं वारा जातो
आणि तो एकच सूर धरतो, लांबच लांब,
हॉटेलांचे दिवे येतात जातात, तो सोडत नाही.
तायाप्पा त्यावर आपली ओळ लावतो.
परवा, सौंदलग्याच्या आसपास,
तिची पुढची अर्धी त्याला सुचली.
वाईट होती. आम्ही दोघांनी म्हटली.

मालकाचा फोन येतो रात्री.
"निवास, अजून निपाणीतच? मागच्या गाड्या पुढं गेल्या की रं!"
चढ हाय मालक, म्हणतो मी,
आणि सपाट रस्त्यावर
काटा पंचावन्नला धरून ठेवतो.