एक टिंब

सुर्जीच्या बंद जिनिंगमधलं काटाघर,
तिथे दर रविवारी आमचा क्लब भरतो.
वजनकाटा गंजून बाराशे किलोवर अडकलाय कायमचा.
त्याच्याच फळीवर ट्रान्सीव्हर, सोल्डरिंगची बंदूक,
आणि येऊल सरांचा चष्म्याचा डबा,
ज्यात फ्यूज असतात, चष्मा नसतो.

सर पोलीस वायरलेसमधून निवृत्त.
तीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप पोचवले.
आता स्वतःचं बोला म्हटलं तर म्हणतात,
"सांगाले काही नाही बाप्पा, आयकाले लय हाये."

मी तिथे गेले ते खरं तर अफसर वाइंडिंगवाल्याच्या मागे.
पंधरा दिवस माझ्या शिलाई मशीनची मोटर अडकवून बसला होता.
सापडला तो छपरावर,
बांबूला तांब्याची तार बांधताना.
मी खालून ओरडतेय,
आणि सर शांतपणे विचारतात, "ताई, टेप हाये का मोजाचा?"
होता.
शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात दुसरं काय असणार.

दहा मीटर इकडे, दहा मीटर तिकडे.
सर म्हणाले, जरा जास्तच ठेवा, मग कापू.
म्हटलं, हे मला नका सांगू.
कमी कापलेलं सुधारता येतं,
जास्त कापलेलं गिऱ्हाईक परत घेऊन येतं.
मग मीटरची सुई बघत बोट-बोट तार कमी केली,
सुई खाली आली तेव्हा
अंगात ब्लाउज बरोबर बसावा तसं वाटलं.

मोटर मिळाली. मी जातच राहिले.

रेझिस्टरवरचे रंग मला पोरांच्या आधी पाठ झाले,
तपकिरी, लाल, नारिंगी, रिळांच्या डब्यासारखे.
गाविलगडाचा डोंगर छोट्या लाटा अडवतो,
मोठ्या वर जातात, वरून परत उतरतात
कुठेतरी, जिथे आपलं कोणीच नाही.
एकदा पोरांनी पानमळ्यात ट्रान्समीटर लपवला,
प्रांजूने पोलादी टेपचा अँटेना फिरवत फिरवत
तो पिंपळीच्या वेलाखाली शोधला,
मळेवाल्याच्या शिव्या खात.

परीक्षेला नागपूरला गेलो, येताना संत्री नाही, कोऍक्स केबल आणली.
चौकशीला आलेला शिपाई दारात उभा,
"बाई, तुमाले रेडिओ कायले पायजे? टीवी नाही का घरी?"
मी चहा दिला. त्याचं उत्तर अजून मलाही नीट येत नाही.

आता ते सांगायचं राहिलं.

माझं नाव कुंदा.
रेशनकार्डावर कुदा.
शाळेच्या दाखल्यावर कुदा, मतदार यादीत कुदा.
पोरी पायऱ्यांवर उभ्या राहून म्हणायच्या, कुदा, कुदा.
कारकुनाच्या पेनातली शाई तेवढीच संपली असेल.
पन्नास वर्षं मी सही करत आले, काही बोलले नाही.

त्या रविवारी किल्लीवर माझा हात होता.
हॅकसॉच्या पात्याची किल्ली, अफसरने केलेली.
तिसऱ्या हाकेला कोणीतरी ओ दिली.
दूरवरून, भाजणीत पाणी पडल्यासारख्या खरखरीतून,
माझं कॉलसाईन. शेवटचं अक्षर,
डा-डि-डिट.
माझं आहे डा-डि-डि-डिट.

एक टिंब कमी.

सर काही बोलले नाहीत. चष्मा नसलेल्या डोळ्यांनी बघत राहिले.
मी परत पाठवलं. त्याने परत चुकीचं.
मी परत पाठवलं, सावकाश,
शेवटचं टिंब काजासारखं घट्ट.
थोडा वेळ नुसती खरखर.
मग आलं, चारही ठोके, पूर्ण,
आणि त्याच्यामागे माफी.

"काय म्हने तो?" अफसरने विचारलं.
"काही नाही," मी म्हटलं, "तिकडे ढग हायेत."

सोमवारी रेशनच्या दुकानात कार्ड पुढे केलं.
इथे टिंब राहिलंय, म्हटलं.
दुकानदार साखर मोजत होता.
"एका टिंबानं काय होते, ताई?
अन् होत असंन तर तहसीलले जा. मंगळवारी सायेब असते."

मंगळवारी मशीन बंद ठेवली.