पृष्ठ २१४

हळदीच्या पेवांवर एकवीस प्रकल्प आले,
त्यांतल्या अकरांत एकच तळटीप:
तोच ग्रंथ, तेच साल, पृष्ठ २१४,
लेखकाच्या आडनावातली वेलांटीसुद्धा तीच चुकलेली.

आवटी सर म्हणाले, अकरा शून्यं टाका, मोकळ्या व्हा.
मग स्वतःच म्हणाले, पण सॉफ्टवेअर नऊ टक्केच दाखवतंय,
नऊ म्हणजे चालतंय की.
गुण भरायचा आज शेवटचा दिवस, मॅडम,
आणि तुमचा चहा गार होतोय.

मी ग्रंथालयात गेले.
सदामतेंनी खालचं कपाट गुडघ्यानं दाबून उघडलं.
पुस्तकाच्या कडेला पुराची तपकिरी रेघ,
पानं पापडासारखी फुगलेली.
कार्डावर शेवटची तारीख या मुलांच्या जन्माआधीची.
शेवटचं पान काढलं:
१८८.
पुढे नुसता पुठ्ठा.

वर्गात विचारलं, कुणी कुणाचं पाहिलं?
पंखा तेवढा बोलला.
मग अल्फिया मुजावर उठली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत:
मॅडम, माझं सगळ्यांनी घेतलं.
आणि मी
तुमच्या प्रबंधातून.

कोल्हापूरची एक दुपार आठवली.
सहाची एसटी गाठायची होती,
घरी मुलगी तापानं फणफणलेली,
आणि टेबलावर एका सीनियर बाईंचा प्रबंध उघडा.
मी खाली वाकून २१४ लिहिलं.
त्यांनी कुठून घेतलं असेल
हे विचारायला आता त्या नाहीत.

खडूचा हात साडीला पुसला.
म्हणाले, बारावी मी.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी त्यांना घेऊन हरिपूरला गेले.
एक पेव अजून शाबूत होतं,
तोंडावरची माती नुकतीच उकरलेली.
गैबीसाहेब नदाफ, चाळीस वर्षं हमाली,
नखांतला पिवळा रंग आता त्यांचाच झालेला.
मुलं पुढं सरकली तसे ओरडले,
थांबा की! आत वारं कोंडलेलं असतंय.
दोरीला कंदील बांधून खाली सोडला.
आम्ही सगळे वाकून बघत होतो
ज्योत लहान होते का, टिकते का.

प्रज्वलनं विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?
चुलत्यानं.
मग दर वेळी कशाला? माहिती आहे ना आता?
म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला.
चुलत्यानं सांगितलं ते त्याच्या पेवाचं, बाळा.
ह्या पेवाचं कंदील सांगतोय.

मी काहीही जोडलं नाही.
जोडायची फार सवय आहे मला.

सोमवारी अल्फियानं नवी तळटीप दिली, शाईच्या पेनानं:
«गैबीसाहेब नदाफ, हमाल, हरिपूर. तोंडी.
शनिवार, दुपारी बाराच्या सुमारास.
मी स्वतः पेवात उतरले नाही.
वास मात्र घेतला.»

ती मी दोनदा वाचली.
मग माझ्या प्रबंधाची कॉलेजातली प्रत मागवून
त्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं:
हे पान नाही. मी पाहिलं नव्हतं.
खाली सही, तारीख.
सदामते म्हणाले, ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहायला मनाई आहे, मॅडम.
म्हटलं, दंड लावा.

मंगळवारी उरलेले प्रकल्प आले.
त्यांतल्या तिघांत शब्दन् शब्द
«मी स्वतः पेवात उतरले नाही.
वास मात्र घेतला.»
तिघंही मुलगे.
एकानं «उतरले»चं «उतरलो» करायचेही कष्ट घेतले नव्हते,
आणि तो तर शनिवारी आलाच नव्हता,
बहिणीच्या साखरपुड्याला तासगावला होता.

लाल पेनाचं टोपण काढून बसले आहे.
चहा गार होतोय.
त्याला बोलावणं धाडलंय,
ये म्हटलं, येताना काही आणू नकोस,
फक्त मला सांग,
तासगावला त्या दिवशी
कसला वास येत होता.