शिवणीचा दस्ता

तातू धुऱ्यांनी ती पहिल्यांदा आणली
तेव्हा गोणपाटात गुंडाळलेली होती,
वरून कोयता बांधलेला,
वाटेत कुणी विचारलंच तर कोयत्याचं सांगायला.
परवाना खिशात होता, तरी.

नळी बापाच्या वेळची.
बोल्ट मागे ओढला की जुन्या कडीसारखा आवाज,
पण नेमका, मधे कुठे खडखड नाही.
दस्ता मात्र अक्रोडाचा, परदेशी,
पावसाळाभर मिठबावची हवा पिऊन
पावशेर जड होणारा.
"मेस्त्र्यांनू, सडो चढताना खांद्याक जड जाता.
हिका जरा हलकी करून देवा."

मी शिवण काढली, चार वर्षं माळ्यावर वाळलेली.
हिचेच मी पाळणे करतो.
नळीची खाच कोरायला तीन दिवस गेले:
लोखंडाला काजळी लावायची, लाकडावर दाबायची, उचलायची,
जिथे काळं उमटेल तिथेच पटाशी.
मागे पत्रा नको म्हणाले, तेवढंच वजन.
सरंगे तोलायच्या काट्यावर ठेवली गाबतिणीच्या,
दोन किलो नऊशे.
तिने पदराने काटा पुसून घेतला.

मी बजावलं होतं,
"तात्यानू, हलकी बंदूक लाथ जास्त मारता."
"हलक्या माणसांचाय तसाच," म्हणाले.

तिने काय काय मारलं, मी विचारलं नाही.
त्यांनीच एकदा सांगितलं, भुश्श्यावर बसून, चहा गार करत:
कायदा यायच्या आधीचं एक भेकर.
बापाने नेम धरला, तेव्हा ते भुंकलं,
आणि दहा वर्षांचे तातू
करवंदीच्या जाळीत धावत शिरले
भुऱ्या, भुऱ्या, अशा हाका मारत.
भुऱ्या घरी होता. चुलीमागे.
पुढे त्यांच्या हातून ती वाजली
ती डुकरांसाठी, कुळथाच्या कडेला,
नळी माडांच्या वर धरून.

दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा व्हायची.
पावती मिळायची, महिन्याने ती मिळायची,
नळीवर तांबूस घाम घेऊन.
मग माझ्या ओसरीवर दुपारभर तेल, चिंधी,
आणि उमेदवारांना शिव्या.

दिवाळी झाल्यावर त्यांची लेक आली. दर्शना.
परवाना आता तिच्या नावावर.
गोणपाट नाही, कोयता नाही, स्कूटरला आडवी बांधून.
खांद्याला लावून दाखवली:
हनुवटी लाकडावर टेकली तर बोट घोड्यापर्यंत पोचेना.
"दीड इंच कापा."
मी तोंड उघडायच्या आत म्हणाली,
"लाथेचा ठावक आसा माका."

करवत बारीक दातांची घेतली.
निघालेला तुकडा तळव्याएवढा,
एका बाजूने काळपट,
तेलाने नव्हे, त्यांच्या खांद्याच्या घामाने.
हुंगला तर शिवणीचा वास अजून आत होता.
तिने मागितला नाही.
मीही दिला नाही, खरं तर.

खिडकीच्या झडपेला पाचर हवीच होती,
समुद्राकडून वारा फिरला की ती आपटते.

काल रात्री कुळथाच्या बाजूने एक आवाज आला.
एकच.
मग बराच वेळ लाटाच.
मग लांब, सड्यावर, काहीतरी भुंकलं.

अंथरुणात उठून बसलो.
पाचर अंगठ्याने थोडी आत दाबली.