समुद्राकडे तोंड करून

पुन्ता अरेनासला उतरले तेव्हा
एक बॅग, आणि एक पिशवी आमच्या बेटावरच्या बटाट्यांची,
जांभळे, गाठाळ, आईने निवडून दिलेले.
घरमालकीण दोन्या झ्लाता म्हणाली, "बटाटे इथेही मिळतात."
मग उकडून, मीठ लावून, माझ्याबरोबर बसून
निम्मे तिनेच संपवले. बोलली काही नाही.

वारा असा, की दार उघडण्याआधी त्याला विचारावं.
पहिल्याच आठवड्यात माझ्या पाठाचं टाचण घेऊन गेला,
भागाकार, तीन पानं, थेट सामुद्रधुनीवर.
पायरीवर सिगरेट ओढणारा माणूस म्हणाला,
"पोचतील पलीकडे. तिथेही शाळा आहे."

चौथीचा वर्ग. एकतीस मुलं,
वारं प्यालेली वासरं नुसती,
आणि शेवटच्या बाकावर मिर्ता ओयार्सून,
माझ्या मार्गदर्शक बाई, हिरव्या शाईचं पेन घेऊन.
हजेरीपटात माझं नाव पेन्सिलीने:
नेरीदा कार्देनास, प्रशिक्षणार्थी.
मुलं मला तीया म्हणतात. सगळ्याच बाईंना म्हणतात,
मावशी, आत्या, काकू, सगळं त्यात आलं.
या गावात मी कोणाचीच नव्हते,
आणि साडेआठच्या ठोक्याला एकतीस जणांची मावशी झाले.
नाव एकाचंही पाठ नव्हतं.

विषय: दिशा.
"उभे राहा. समुद्राकडे तोंड करा.
आता तुमच्या समोर पश्चिम."

तोंडात बसलेलं वाक्य. कूकाओच्या शाळेत
मला असंच शिकवलं, आणि ते खरंच होतं.
सूर्य रोज आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात जायचा,
बाबा शिंपल्यांची पोती वाळूवरून वर ओढायचे
आणि आई हाक मारायची, पश्चिमेकडे पाठ करून.

येर्को मान्सिया, दुसरी रांग, नाक कायम वाहतं,
म्हणाला, "तीया, आमचा तर पाण्यातून वर येतो."

हसू आधी मागून आलं, मग सगळीकडून.
मी फळ्याकडे वळले.
फळा कोणत्या दिशेला आहे, तेही कळेना.
मागे पेन चालल्याचा आवाज.

रात्री शेगडीवर मोजे वाळत होते. आईचा फोन.
"रुळलीस का गं?"
"रुळले."
शाळेतून येताना दोनदा वाट चुकले, ते सांगितलं नाही.
पाय अजून समुद्र जुन्या बाजूला धरून चालतात.

जूनमध्ये इथे उजाडायला दहा वाजतात.
दुसऱ्या तासापर्यंत ट्यूबलाइट,
त्याखाली आमचा भागाकार, बाकी उरणारा.
येर्को उठला. न विचारता खिडकीशी गेला.
"तीया, आला."

रागवायला हवं होतं. मी मिर्ताबाईंकडे पाहिलं.
त्या पेनाला टोपण लावत होत्या.

एकतीस नाकं काचेला. काच धुकटली,
कोणीतरी स्वेटरच्या बाहीने पुसली, पुन्हा धुकटली.
पलीकडच्या बेटामागून तो निघाला,
थंडीने आखडलेला, उशिरा आलेल्या मुलासारखा
दाराशीच थांबलेला.

"ही बघा पूर्व," मी म्हणाले. या खेपेला खात्रीने.

"पूर्व नाही, तीया." येर्कोने माझी बाही ओढली.
"पूर्व तिकडे, धक्क्यावरच्या दिव्यापाशी.
हिवाळ्यात तो तिथपर्यंत पोचतच नाही.
माझे बाबा फेरीवर असतात, त्यांना विचारा."

दिव्यापासून सूर्यापर्यंत मी बोटं मोजली, हात लांब करून.
"ईशान्य," म्हणाले, जरा हळू,
मुलांना की कोणाला कोण जाणे.
पाठोपाठ एकतीस तोंडांनी घोकलं, ईशान्य, ईशान्य,
आणि घंटा झाली.

वहीत हिरवा शेरा:
खिडकी, बारा मिनिटं. भागाकार अपुरा. उद्या पूर्ण करावा.
त्याखाली एक ओळ लिहून खोडलेली.
पान दिव्यासमोर धरून पाहिलं, दोन्ही बाजूंनी.
शेवटचा शब्द "बरं" असावा.
किंवा "बर्फ". काल रात्रीपासून पडतोय.