किल्लीवाली

लामारा नाव माझं. देवळाची नव्हे, चर्चची किल्ली माझ्याकडे असते,
कोंबड्यांच्या खुराड्यामागे, खिळ्याला.
तुम्ही विचारलंत, बरं केलंत.
कालचा पाहुणा सरळ आत शिरून
वेदीचा पडदा बाजूला सारत होता.

भिंतीवरचे संत काढा. फ्लॅश नको,
रंग म्हातारे झालेत, दचकतात.

पण मेणबत्तीपाशी गुडघे टेकून बसलीय ना, ती नानुली,
तिचा काढू नका.
मुलगा वर हिमनदीत राहिलाय.
उन्हाळ्याची वाट बघतेय ती.

तुम्ही कॅमेरा पिशवीत घातलात.
मग तीच वळली.
डोक्यावरचा काळा रुमाल सारखा केला,
म्हणाली, काढा की.
सापडला म्हणजे त्याला दाखवायला लागेल,
इतके महिने मी कुठे होते ते.