उशिरा पोहोचलेला

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दारावर टकटक.
मी ओल्या केसांनी उभी, हातात अर्धं सोललेलं संत्रं.
रिसेप्शनवरची रोस्विता
इतक्या हळू बोलली
की मला वाटलं, बिलात काही चुकलंय.

पार्किंगमागे भिंतीसाठी खणत होते.
झ्द्राव्कोच्या पोकलेनला काहीतरी लागलं.
दगड इतका गोल नसतो, एवढं त्याला ठाऊक होतं.
त्यानं यंत्र बंद केलं, किल्ली खिशात टाकली
आणि चालत निघून गेला म्हणे,
पळाला नाही.

अडीचशे किलोचा. ऐंशी वर्षांपूर्वीचा.
चार रात्री मी त्याच्या उशाशी झोपले होते
आणि उशी कडक आहे म्हणून
तक्रार केली होती.

"गरजेपुरतंच घ्या."
दहा मिनिटं. पासपोर्ट घेतला, रक्तदाबाच्या गोळ्या,
आणि का कोण जाणे, हॉटेलची आंघोळीची टोपी.
संत्रं खिडकीतच राहिलं.

शाळेच्या व्यायामशाळेत खाटा मांडलेल्या.
माझी नेमकी बास्केटखाली.
खरं सांगते, मी भ्यायले नव्हते, चिडले होते.
मोझेलवरच्या बोटीचं तिकीट, दुपारी दोनचं, परत न मिळणारं,
ते मी पोलिसालाही दाखवलं.
त्यानं ते वाचलं, घडी घातली, मला परत दिलं.

शेजारच्या खाटेवर इर्मट्राउड,
हॉटेलमागच्या गल्लीतली, सत्त्याऐंशीची,
मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात आलूबुखारचा केक,
अजून कोमट.
तीन बोटं दाखवली तिनं मला.
ही तिसरी खेप. पहिली, सात वर्षांची असताना, तळघरात.
दुसरी, नदी आटली त्या उन्हाळ्यात.
"हा आमच्याचकडे निघाला होता," रोस्विता तिचं मला सांगत होती,
"पत्ता बरोबर होता.
पोहोचायला उशीर झाला, इतकंच."
आणि बाईंनी माझ्यासाठी केकचा तुकडा कापला,
कडेचा, जास्त भाजलेला.

आमच्याकडे म्हणतात, शिळ्या कढीला ऊत.
मी रोस्विताला समजावू लागले.
कढी म्हणजे? सूपसारखं?
तिनं पुढे सांगितलं. बाई म्हणाल्या, कसलं सूप?
तिथंच सोडलं.

तीनच्या सुमारास बाई एकदम उठून बसल्या.
ओव्हन. चालू राहिला.
अख्खी व्यायामशाळा हसली.
बॉम्बच्या शेजारी ओव्हन!
त्या हसल्या नाहीत.
"त्याचं ते लोक बघतील," त्या म्हणाल्या,
"ओव्हन माझा आहे."
आणि कोट घालू लागल्या.
दोन पोलीस, एक नर्स आणि मी,
आम्ही चौघांनी मिळून त्यांना बसवलं.
कोट त्यांनी काढला नाही.

संध्याकाळी सहा चाळीसला सांगण्यात आलं
की झालं.
दिवसभर आम्ही एका आवाजाची वाट बघत होतो,
तो आलाच नाही.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
हॉटेलचा आचारी तेस्फालेम, इरिट्रियाचा,
भिंतीला टेकून बसलेला,
त्यानं वाजवल्या नाहीत.
सकाळपासून सगळ्यांनी कधी ना कधी बूट काढले होते.
त्याचे पायातच होते, नाड्या दुहेरी गाठीच्या.

खोली होती तशीच.
संत्र्याच्या फोडी कडेनं चिवट झालेल्या.
खाल्ल्या.
मग दिवा मालवून बराच वेळ
जमिनीला कान लावून पडले,
कोणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं!

ओव्हन बंदच होता, सकाळी रोस्वितानं सांगितलं.
निघताना बाईंनीच केला होता.
त्यांना मात्र ते पटलेलं नाही.

मी बॅग भरत होते. खाली झ्द्राव्को आला.
खड्ड्याच्या काठावर बसून त्यानं पाव खाल्ला,
हात पँटला पुसले, किल्ली काढली
आणि थोडा वेळ नुसताच हातात धरून उभा राहिला.
मग यंत्र चालू केलं,
हातभर डावीकडे सरकवलं
आणि पुन्हा खणायला लागला.