तापाचे चार दिवस

'मा. वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी ब'
इथवर लिहिलं आणि पेन अडलं.

अंबडला आमची लाइन बंद, चार दिवस, पगारी.
वर्षातून एकदा मशीन उघडतात, तेल पाजतात,
तेव्हा आम्हाला घरी पाठवतात.
दिवाळीत ऑर्डरी, उन्हाळ्यात ओव्हरटाइम.
माझी मे महिन्याची सुटी जानेवारीत येते,
हे शाळेला कोण सांगणार.

ज्योत्स्ना म्हणाली, ताप लिहा, तापाला पावती लागत नाही.
रेणूने दप्तरातून मान वर काढली.
किती ताप, पप्पा?
तुला काय करायचंय?
बाई विचारतील ना. मी किती सांगू?
मी एकशे तीन म्हणालो. ज्योत्स्ना म्हणाली, बाई घाबरतील.
मग मेथीच्या जुडीसारखी घासाघीस करत
एकशे एकवर आलो.

रात्री रिक्षा पवननगरवरून निघाली.
थंडी अशी की बोलणं दिसत होतं.
शाळेचं फाटक बंद, आत अंधार,
वॉचमन एकटाच पुठ्ठे जाळत बसलेला,
तरी रेणू सीटखाली वाकली
आणि कानटोपी नाकापर्यंत ओढली.
वळण गेलं तरी उठेना.
गेली का शाळा?
गेली.
ठक्कर बाजार येईपर्यंत
मी बाहेरच बघत राहिलो.

समुद्र ती पट्टीने काढायची,
एक निळी रेघ, वर अर्धा सूर्य.
हर्णैला ती रेघ चालत पायावर आली
तेव्हा दोन पावलं मागे सरली, मग ओरडली,
पप्पा, याचं मेंटेनन्स कधी असतं?

पहिल्या दिवशी वेळापत्रक सोबतच होतं.
गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, आता गणित.
वाळूत फतकल मारून, आता डबा.
संध्याकाळी लिलावात पापलेटचे भाव ऐकताना,
आता वंदे मातरम्.
दुसऱ्या दिवशी सगळं विसरली.
मी नाही विसरलो.
तिसऱ्या दिवशीही पावणेतीनला कानात भोंगा वाजला
आणि मी ओल्या पायांनी उभा राहिलो,
कार्ड पंच करायला खिसा चाचपत.
खिशात तिने ठेवलेले शिंपले होते.

सोमवारी फाटकापाशी रेणू दोनदा खोकून बघत होती.
नाकाचं साल निघालेलं, मान करपून काळी.
पगारे बाईंनी चिठ्ठी वाचली, नाक पाहिलं,
आणि सहज विचारावं तसं विचारलं,
ताप कुठे आला होता गं?
हर्णैला, बाई.

बाई हसल्या नाहीत.
माझ्याकडे वळून म्हणाल्या,
चार दिवसांत भागाकार संपला.
तो हिला तुम्ही शिकवा.
आणि हे घ्या. कारण नीट लिहून आणा.

रात्री जेवणं झाल्यावर
एका सतरंजीवर आम्ही दोघं, गृहपाठाला.
तिची त्र्याण्णव भागिले चार,
माझा कोरा कागद.
'कारण, माझी सुटी आणि तिची सुटी' लिहिलं, खोडलं.
'कारण, तिने समुद्र पाहिला नव्हता' लिहिलं.
खरं होतं, पण अर्धंच.
मीही नव्हता पाहिला.
चाळीस वर्षं. हे चौथी ब च्या बाईंना कसं लिहायचं?
बाकी एक उरली पप्पा, तिचं काय करू?
राहू दे तशीच, बाजूला लिही.

साडेदहा झाले. कंपनीची बस अकराला.
मी भरभर लिहून टाकलं:
कु. रेणुका खैरनार ही चार दिवस
आई-वडिलांसोबत हर्णे येथे गेली होती.
ताप नव्हता.

तिने कागद दिव्याखाली धरला,
ओठ हलवत वाचला,
माझ्या हातातून पेन घेतलं.
हर्णैला दोन मात्रा असतात, पप्पा.
एसटीच्या पाटीवर होत्या.